सल्ल्याचा पगार कोण देतं?

अमेरिकेत धंदा काढणाऱ्याच्या हातात सरकार रोख पैसे ठेवतं, असा इकडे नव्याने आलेल्या पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. बँकेच्या कर्जाला सरकार हमी देतं, ते वेगळं. पण छोट्या धंद्यांसाठी सरकार दरवर्षी जो खर्च करतं, त्यातला एक वाटा अगदी वेगळ्याच ठिकाणी जातो. तो टेबलापलीकडे बसलेल्या एका माणसाच्या पगारात जातो. वेळ ठरवून त्याच्याकडे जायचं आणि धंद्याबद्दल काय हवं ते विचारायचं. फी नाही, आणि तुमची गोष्ट त्याने बाहेर बोलायची नाही. हे टेबल बऱ्याचदा एखाद्या कम्युनिटी कॉलेजात मांडलेलं असतं.

मी नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॅले शहराला लागून असलेल्या कॅरी गावात राहते. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दिवाळीच्या आधी बेसनाचे लाडू असा माझा घरगुती धंदा आहे. मूळची लालबागची असल्यामुळे मसाला कुणी शिकवावा लागला नाही. बाकी सगळं मात्र वेक टेक कम्युनिटी कॉलेजच्या स्मॉल बिझनेस सेंटरमध्ये बसून शिकले.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते आधी सांगते. आयटीआय, तंत्रनिकेतन आणि पदवीची पहिली दोन वर्षं एकाच छपराखाली आणली तर जे होईल, साधारण ते. वेल्डिंग शिकणारा विशीतला मुलगा, नर्सिंगला आलेली दोन मुलांची आई आणि इंग्रजी पक्कं करायला आलेले आजोबा, सगळे एकाच कॅन्टीनमध्ये कॉफी पितात. १९६३ च्या कायद्याने या राज्यात अशा कॉलेजांचं जाळं उभं राहिलं. आज ती ५८ आहेत, आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून प्रत्येकाला एक स्मॉल बिझनेस सेंटर जोडलेलं आहे. त्याचा खर्च राज्याचं विधिमंडळ देतं.

आता टेबलावर काय होतं ते. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी धंद्याचा करक्रमांक काढून देणाऱ्या वेबसाइटला चांगले दोन-अडीचशे डॉलर मोजले होते. सेंटरमधल्या सल्लागाराने पहिल्याच बैठकीत मला सांगितलं की हा क्रमांक केंद्राचं करखातं फुकट देतं आणि अर्ज आपला आपल्याला भरता येतो. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदवायची तर राज्याची फी १२५ डॉलर, आणि पुढे दरवर्षीचा अहवाल भरताना २०० डॉलर. ‘गिऱ्हाईक मिळायच्या आधी ती कशाला काढता?’ असंही त्याने वर विचारलं.

मग किमतीचा हिशेब. चटणीची बरणी सहा डॉलरला विकायची, असं मी ठरवून गेले होते. शेंगदाणे, लसूण, तिखट धरून दीड डॉलर, बरणी आणि लेबल मिळून एक डॉलर, म्हणजे साडेतीन सुटतात, असा माझा हिशेब. त्याने कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि बाजारातल्या टेबलाचं भाडं, कार्डाने पैसे घेण्याचा आकार, गाडीचं पेट्रोल, न खपलेल्या बरण्या अशा ओळी खाली खाली लिहीत गेला. शेवटी विचारलं, ‘तुमच्या तासाचे पैसे कुठे धरलेत?’ मी म्हटलं, ते कसले धरायचे, घरचंच तर काम आहे. त्यावर काही न बोलता त्याने राज्यातलं किमान वेतन लिहिलं, तासाला सव्वासात डॉलर, आणि ते माझ्या बरण्यांवर वाटलं. चटणी आता साडेआठला विकते. कुणी तक्रार केलेली नाही.

करांचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. किराण्यात मोडणाऱ्या खाण्यावर इथे २ टक्के कर. कँडीवर मात्र पूर्ण दर, आमच्या वेक काउंटीत ७.२५ टक्के. आता कँडी कशाला म्हणायचं? साखर किंवा मध आणि त्यासोबत सुकामेवा वगैरे घालून केलेल्या वड्या-तुकड्यांना. पण त्यात पीठ असेल किंवा ती फ्रिजमध्ये ठेवावी लागत असेल तर ती कँडी नाही. म्हणजे बेसनाचा लाडू २ टक्क्यांत सुटतो आणि शेंगदाण्याची चिक्की, बिचारीत पिठाचा कण नसतो म्हणून, सव्वासातवर जाते! आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग चिक्कीत घाल की चमचाभर बेसन.’ हे ऐकून सल्लागार हसला, पण उत्तर त्याने स्वतः दिलं नाही. राज्याच्या महसूल खात्याचं परिपत्रक काढून दिलं आणि लेबलावर पीठ हा शब्द असायलाच हवा, एवढं दाखवलं. मला हे आवडलं. जे आपलं काम नाही ते कुणाचं आहे, हे त्याला नेमकं माहीत असतं.

लोणच्याचंही तसंच झालं. घरच्या स्वयंपाकघरात विक्रीचं करायचं तर राज्याच्या कृषी खात्याचा निरीक्षक घरी येऊन बघून जातो. घरात कुत्रं-मांजर असेल तर परवानगी नाही, रात्रीपुरतं आत घेत असलात तरी नाही. कोरडे मसाले, भाजणी, लाडू यांना अडचण नसते. लोणचं म्हटलं की आम्लतेचा प्रश्न येतो. पीएच ४.६ च्या खाली हवा, आणि नमुना तपासून घ्यावा लागतो. तपासणी कुठे होते, तर नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अन्नविज्ञान विभागात. गरम जेवणाचे डबे मात्र घरातून विकता येतच नाहीत, त्याला वेगळं परवाना असलेलं किचन लागतं. लपूनछपून डबे देणाऱ्या कितीतरी मराठी घरांना हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून नसल्यासारखं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. या माणसाचा पगार कोण देतं? आमच्या सेंटरचं उत्तर सोपं आहे, राज्य देतं. देशभराचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विद्यापीठात असा एक प्रयोग केंद्र सरकारने करून पाहिला, आणि १९८० मध्ये कायदा करून त्याला कायमचं रूप दिलं. स्मॉल बिझनेस डेव्हलपमेंट सेंटर या नावाने आज देशात अशी सुमारे हजार ठिकाणं आहेत. प्रत्येक राज्यात निदान एक यजमान संस्था असते. बहुतेक ठिकाणी ते विद्यापीठ असतं, पण उत्तर टेक्सासमध्ये हा कारभार डॅलस कॉलेज या कम्युनिटी कॉलेजकडे आहे. न्यू जर्सीत यजमान आहे रटगर्स विद्यापीठ, पण त्याच्या हाताखालची काही केंद्रं कम्युनिटी कॉलेजांत चालतात. आमच्या राज्यात ही केंद्राच्या पैशांवरची शाखा विद्यापीठांकडे आहे आणि कॉलेजांतली सेंटरं निराळी. नवख्या माणसाने आधी कॉलेजात जावं आणि धंदा वाढला, मोठं कर्ज हवं झालं की विद्यापीठवाल्यांकडे, अशी न ठरवता पडलेली विभागणी आहे.

केंद्राच्या पैशाला एक अट असते. वॉशिंग्टनहून एक डॉलर हवा असेल तर तिथल्या राज्याने, कॉलेजने, काउंटीने किंवा देणगीदारांनी मिळून दुसरा डॉलर उभा करायचा. या दुसऱ्या डॉलरमधला निम्मा तरी रोख हवा. उरलेला खोली, वीज, हिशेबनिसाचा वेळ अशा रूपात दाखवला तरी चालतो. कम्युनिटी कॉलेजं यजमान म्हणून परवडतात ती इथे. जागा त्यांच्याकडे असतेच. पण याच अटीत मेख आहे. राज्याने आपला रोख हिस्सा कापला की केंद्राचा तेवढाच हिस्साही जातो. वाचवायचा असतो एक डॉलर आणि कमी होतात दोन.

२०२४ साठी संसदेने या सेंटरांना १४ कोटी डॉलर दिले. माणशी हिशेब केला तर चाळीस-बेचाळीस सेंट, चहाचा अर्धा कपही येणार नाही. कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, मदतीच्या कायद्यातून वर १९ कोटी २० लाख डॉलर आले, आणि तेव्हा जोडहिश्श्याची अट बाजूला ठेवली होती. न्हाव्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत जो तो सरकारी कर्जाचे अर्ज घेऊन या टेबलांसमोर उभा होता.

हे काम कॉलेजांकडे का, याचं उत्तर मला कॅनापोलिस गावाच्या कहाणीत सापडलं. तिथे टॉवेल-चादरींच्या मोठ्या गिरण्या होत्या. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनी बंद पडली आणि राज्यातल्या चार हजारांहून जास्त माणसांची नोकरी एका दिवसात गेली. त्यातल्या कितीतरी जणांनी शाळाही पुरी केलेली नव्हती. त्यांना पुन्हा वर्गात बसवण्याचं काम रोवन-कबॅरस कम्युनिटी कॉलेजने केलं. कामगाराला विद्यापीठाच्या दारात जायला संकोच वाटतो. कॉलेज गावातलंच असतं, भाचा तिथे शिकलेला असतो.

हे वाचताना माझ्यासारखीला गिरणगाव आठवणारच. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात होते. नंतर कुणी वडापावची गाडी लावली, कुणी गावची वाट धरली. भाड्याचा आकडा सोसेल का, गाडीचा परवाना कुठून काढायचा, हे बसून सांगणारं कोण होतं? बायकांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच घडली होती. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवलं आणि बँकेच्या दारापर्यंत नेलं. ते काम चळवळीने केलं, सरकारने नाही. आपल्याकडे १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं आहेत, पण तिथे जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘सबसिडी किती?’ हा असतो, आणि उत्तर मिळालं की बोलणं बहुधा संपतं. इथे सबसिडी नाहीच, म्हणून बोलणं धंद्यावर येतं.

टीकाही आहे, आणि ती खोटी नाही. संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१२ मध्ये दाखवून दिलं की उद्योजकांना मदत करणारे केंद्राचे ५२ कार्यक्रम चार खात्यांत पसरलेले आहेत, एकमेकांवर चढलेले आहेत आणि त्यांचा उपयोग किती झाला याची माहितीही नीट ठेवली जात नाही. नवख्या माणसाला यातून गोंधळच मिळतो. सल्लागारही सगळे सारखे नसतात. काही नुसते पत्रकं हातात देऊन मोकळे होतात.

पण माझी खरी तक्रार मोजमापाबद्दल आहे. सेंटरांनी वरती कळवायचं असतं ते असं: किती नवे धंदे निघाले, किती नोकऱ्या झाल्या, किती भांडवल उभं राहिलं. आमच्या ओळखीतलं एक मराठी जोडपं. आयटीतली नोकरी गेल्यावर त्यांनी उपाहारगृह काढायचं ठरवलं, जागा पाहिली, भाडेकरार हातात आला. सल्लागाराने तो त्यांच्यासोबत ओळ न ओळ वाचला. भाड्याच्या वर मालकाचा मालमत्ता कर, विमा आणि आवाराची देखभाल यांतला हिस्सा भाडेकरूच्या माथी होता, आणि धंदा बुडाला तरी पूर्ण मुदतीच्या भाड्याला नवरा-बायकोची वैयक्तिक हमी. महिन्याला किती थाळ्या खपल्या तर हे सुटेल, ते त्याने त्यांच्याकडूनच काढून घेतलं. मग दोघांनी सही केली नाही. तो आता पुन्हा नोकरीत आहे आणि ती शनिवारच्या बाजारात माझ्या शेजारी टेबल लावते. घर गहाण पडायचं वाचलं. सेंटरच्या अहवालात याची नोंद काय? नवा धंदा शून्य, नोकऱ्या शून्य, भांडवल शून्य. विधिमंडळातला एखादा सदस्य हे शून्य पाहून पैसे कापायला उभा राहिला तर त्याच्याशी वाद कसा घालणार? तरी मला विचाराल तर त्या टेबलावरचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, आणि ते मोजायची रीत शोधणं कॉलेजांच्याच हातात आहे. पाच वर्षांनी फोन करून विचारा की कर्ज किती उरलंय. त्या आकड्यातून बरंच कळेल.

तुमची बहीण, मुलगी, भाचा इकडे असेल आणि डबे, मसाले, शिकवणी, शिवणकाम असं काही काढायचं डोक्यात असेल, तर दोन गोष्टी कळवा. एक, नवऱ्याच्या व्हिसावर एच-४ म्हणून आलेल्या बाईला कामाचा वेगळा परवाना हातात असल्याशिवाय धंदा करता येत नाही. सेंटरचा सल्लागार वकील नसतो, तेव्हा हा प्रश्न आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडून सोडवून घ्यावा. दुसरी, जवळच्या कम्युनिटी कॉलेजला फोन करून स्मॉल बिझनेस सेंटर आहे का विचारावं, नसेल तर डेव्हलपमेंट सेंटर सर्वांत जवळ कुठे आहे ते विचारावं, आणि भाडेकरार सही न करता सोबत घेऊन जावा.