जुन्या डिझेल इंजिनात कोणते तेल घालावे?



आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत वीज आली, विजेच्या मोटारी आल्या, आता सौर पंपही दिसू लागले. तरी जुने डिझेल इंजिन काही मोडीत निघालेले नाही. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठी आजही इंजिने आहेत. वीज गेली की पाण्याची पाळी तीच सांभाळतात. शिवाय वीस-पंचवीस वर्षांचे ट्रॅक्टर आपल्या दारात उभे आहेतच. ही इंजिने दणकट आहेत, पण ती टिकतात वंगण तेलावर. आणि नेमके तेल घेतानाच आपण फसतो. दुकानदार देईल ते किंवा शेजारी सांगेल ते आपण घेतो.

एक घडलेली गोष्ट सांगतो. शिरूर तालुक्यातले एक कांदा उत्पादक. त्यांचे जुने इंजिन निळा धूर टाकू लागले होते. जानेवारीचा महिना. रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी मला विचारले, "साहेब, इंजिन लई तेल पितंय. जरा जाड तेल घातलं तर चाललं ना?" मी घाईत होतो. "चालेल की," म्हणालो आणि निघालो. जाड म्हणजे किती जाड, कसले जाड, हे मी विचारले नाही. त्यांनी गिअर बॉक्सचे ९० नंबरचे तेल इंजिनात ओतले. धूर कमी झाला, म्हणून चार दिवस समाधानही वाटले. पुढे एका गार पहाटे इंजिन चालू केले, ते ठोकायला लागले. बेअरिंग गेले, क्रँकला ओरखडे पडले. कांद्याच्या दोन पाळ्या चुकल्या आणि इंजिनचे काम निघाले ते वेगळेच.

माझे शिक्षण शेतीचे, इंजिनाचे नव्हे. पण त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. तो आज तुमच्यापुढे मांडतो.

डब्यावरचा पहिला आकडा : तेलाची जाडी

तेलाच्या डब्यावर एसएई ३०, एसएई ४०, किंवा १५ डब्ल्यू ४०, २० डब्ल्यू ४० असे लिहिलेले असते. हा तेलाचा दर्जा नव्हे, ही त्याची जाडी आहे. आकडा मोठा म्हणजे तेल चांगले, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

दौंडकडच्या मंडळींना गुऱ्हाळ माहीत आहे. कढईतली गरम काकवी पाण्यासारखी धावते. तीच काकवी थंडीत सकाळी पळीवरून खाली पडता पडत नाही. तेलाचेही तसेच आहे. गार असताना ते जाड असते, तापले की पातळ होते. इंजिनाला दोन्ही वेळी तेल लागते. पहाटे हँडल मारताच ते बेअरिंगपर्यंत पोचले पाहिजे, आणि दुपारी तापल्यावर इतके पातळ होता कामा नये की धातूवर धातू घासावा.

एसएई ३० किंवा एसएई ४० असा एकच आकडा असेल तर ती इंजिन तापल्यावरची, म्हणजे शंभर अंश उष्णतेला मोजलेली जाडी. दोन आकडे असतील तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. डब्ल्यू हे थंडीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर आहे. तो आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत लवकर वाहते. १५ डब्ल्यू ४० आणि २० डब्ल्यू ४० ही दोन्ही तेले तापल्यावर ४० नंबरासारखीच वागतात. गारव्यात १५ वाले लवकर पोचते, एवढाच फरक.

आपल्याकडे थंडीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि मे महिन्यात चाळिशी गाठतो. म्हणून जुन्या पाणी-इंजिनाला साधारणपणे एसएई ३० किंवा ४०, नाहीतर त्याऐवजी १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० योग्य ठरते. तरी शेवटचा शब्द इंजिनाच्या पुस्तिकेचा. पुस्तिका हरवली असेल तर इंजिनावरच्या पट्टीवरील मॉडेल आणि नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली आपल्या पुण्यातच, खडकीला उभी राहिली. तेव्हा निदान त्या इंजिनांची माहिती मिळवायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

गिअर तेलाचा ९० आकडा वेगळा

गिअर तेलाची मोजपट्टी इंजिन तेलाच्या मोजपट्टीहून वेगळी आहे. गिअरचे ९० नंबरचे तेल जाडीला साधारण इंजिनच्या ५० नंबरासारखे भरते. पण प्रश्न फक्त जाडीचा नाही. गिअर तेलात दातांवरचा दाब सोसण्यासाठी जी औषधे असतात, ती इंजिनाच्या उष्णतेसाठी केलेली नसतात. तांब्या-पितळेच्या बुशांना ती अपाय करू शकतात. काजळी धरून ठेवण्याची ताकदही त्या तेलात नसते. म्हणून गिअरचे तेल गिअरलाच घाला.

डब्यावरची दुसरी खूण : तेलाचा दर्जा

जाडीच्या जवळच एपीआय असे लिहून पुढे अक्षरे असतात. सी या अक्षराने सुरू होणारा दर्जा डिझेल इंजिनाचा, एस ने सुरू होणारा पेट्रोल इंजिनाचा. मोटारसायकलचे उरलेले तेल पाणी-इंजिनात ओतू नका, ते याचसाठी. काही डब्यांवर दोन्ही दर्जे असतात. तिथे सी चा दर्जा कोणता, ते पाहा.

सी च्या पुढचे अक्षर जितके पुढचे, तितका दर्जा नवा. जुन्या पुस्तिकांत सीसी किंवा सीडी लिहिलेले आढळते. त्यांच्या जागी आज बाजारात सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी तेले मिळतात. जाडी पुस्तिकेप्रमाणे असेल, तर ही तेले जुन्या इंजिनाला चालतात. २०१६ च्या अखेरीस आलेले सीके-४ देखील चालते. मात्र ते आजच्या नव्या इंजिनांसाठी केलेले आहे. जुन्या पाणी-इंजिनासाठी त्याचा जादा पैसा मोजण्याची गरज नाही. एफए-४ नावाचे तेल मात्र घेऊ नका. ते मुद्दाम पातळ ठेवलेले असून काही नव्या इंजिनांपुरतेच आहे.

जाड तेल हे औषध नव्हे

रिंगा झिजल्या की तेल वर चढून जळते आणि निळा धूर येतो. जाड तेल घातले की थोडे कमी जळते, म्हणून आपल्याला वाटते की इंजिन सुधारले. प्रत्यक्षात झीज तिथेच असते. उलट जाड तेल बारीक छिद्रांतून सावकाश जाते. ट्रॅक्टरवर तेलाच्या दाबाचा काटा वर चढलेला दिसतो, पण बेअरिंगला तेल कमीच पोचते. ज्या इंजिनात चमच्यासारखा भाग तेल उडवतो, तिथे जाड तेल नीट उडतच नाही. सर्वांत जास्त नुकसान होते ते गार इंजिन चालू करताना.

मग झिजलेल्या इंजिनाला काही करायचेच नाही का? करा, पण मर्यादेत. पुस्तिकेत ३० आणि ४० दोन्ही दिलेली असतील, तर उन्हाळ्यात ४० वापरा. एक पायरी चढणे एवढेच. तेवढ्यावर हंगाम काढा आणि पाण्याची निकड संपताच रिंगा, लायनर तपासून घ्या. रिंगांच्या वेळीच केलेल्या कामाला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट क्रँक खराब झाल्यावर येतो.

तेल काळे झाले म्हणजे वाईट झाले का?

नाही. चांगल्या डिझेल तेलात काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणारे घटक असतात. साबण मळ काढतो आणि पाणी गढूळ होते, तसेच हे. नवे तेल थोड्याच तासांत काळे झाले, तर ते आपले काम करते आहे असे समजा.

मात्र एक सावधगिरी. जुन्या, फिल्टर नसलेल्या इंजिनात वर्षानुवर्षे साधे तेल वापरले असेल, तर चेंबरच्या तळाला गाळाचा थर साचलेला असतो. अशा इंजिनात एकदम धुणारे तेल घातले, तर तो गाळ सुटून जाळी आणि तेलाची छिद्रे बुजवू शकतो. म्हणून आधी चेंबर उघडून गाळ काढा. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा, जाळी धुवा. मग नवे तेल भरा आणि ते पहिले तेल वीस-पंचवीस तासांतच काढून टाका. त्यानंतर नेहमीप्रमाणे चालू द्या.

तेल कधी बदलावे?

पुस्तिकेत जे तास दिले असतील, त्याप्रमाणे. तास लक्षात राहत नाहीत, म्हणून इंजिनाच्या खोलीत दाराच्या मागे खडूने लिहीत जा.

काही जण विचारतात, "आता डिझेल चांगलं आलंय, मग तेल जास्त दिवस चालणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे. त्याचे आम्ल होऊन तेल लवकर खराब होई. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भागांपर्यंत असते. हा फायदा खराच. पण आपल्याकडची धूळ आणि जुन्या इंजिनाची काजळी कमी झालेली नाही. तेव्हा तास वाढवू नका. हवेच्या फिल्टरमध्ये तेल असेल, तर तेही वेळेवर बदला. आत गेलेली बारीक माती लायनरला पॉलिश कागदासारखी घासते.

बोटाने तपासणी

दररोज इंजिन चालू करण्यापूर्वी, इंजिन सपाट जागी असताना पट्टी काढून तेल पाहा. दोन खुणांच्या मध्ये तेल असावे. वरच्या खुणेच्या वर भरू नये. मग थेंब बोटावर घ्या :

१. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे. गॅस्केट किंवा लायनरचे रबर पाहून घ्या. इंजिन चालवू नका.

२. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला, तर तेलात डिझेल उतरत आहे. नोझल आणि पंप तपासा.

३. बोटाला खरखरीत लागले, तर माती किंवा धातूचा कीस आहे. तेल ताबडतोब बदला आणि कारण शोधा.

खरेदी करताना

सुटे तेल स्वस्त मिळते, पण पिंपातले तेल कोणते हे कुणालाच सांगता येत नाही. जुने तेल गाळून विकण्याचे प्रकारही होतात. सीलबंद डबा घ्या, सील आणि तारीख पाहा, पावती मागा. दुकानात "एक डबा ऑइल द्या" असे म्हणू नका. "डिझेल इंजिनाचे, २० डब्ल्यू ४०, सीएफ-४ द्या" असे नाव घेऊन मागा.

काढलेले तेल विहिरीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळू नका आणि चरकालाही लावू नका, कारण पुढे तो रस लोकांच्या पोटात जातो. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या.

थोडक्यात

• जाडी पुस्तिकेप्रमाणे. आपल्या भागात बहुधा ३० किंवा ४०, नाहीतर १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४०.
• दर्जा सी अक्षराचा. जुन्या इंजिनाला सीएफ-४ किंवा त्यापुढचा, एफए-४ सोडून.
• गिअरचे तेल इंजिनात कधीही नाही.
• इंजिन गरम असताना तेल काढा, फिल्टर बदला किंवा जाळी धुवा, मग नवे भरा.
• निळा धूर दिसला, तर तेल नव्हे, रिंगा बघा.

त्या शेतकरी बंधूंचे इंजिन पुढे दुरुस्त झाले आणि आज चालू आहे. आता ते तेल आणायला जाताना जुन्या डब्याचे झाकणच खिशात घेऊन जातात, त्यावर त्यांनी जाडी आणि दर्जा खिळ्याने कोरून ठेवला आहे. "साहेब, आता कुणाला इचारायची गरज न्हाई," म्हणाले. ही युक्ती सर्वांनी उचलावी अशीच आहे. आजच आपल्या इंजिनाचा नंबर पाहा, तेल कोणते ते ठरवा आणि इंजिनाच्या खोलीत भिंतीवर ठळक लिहून ठेवा. म्हणजे घरचे कुणीही दुकानात गेले, तरी चुकीचे तेल घरी येणार नाही.