किल्लारी

महाराष्ट्र राज्याच्या लातूर जिल्ह्यातील (औसा तालुका) एक ग्रामीण बाजारपेठेचे गाव व १९९३ च्या भूकंपाचे केंद्रस्थान. लातूरच्या दक्षिणेस सु. ४० किमी.वर, मांजरेची उपनदी तेरणा हिच्या खोऱ्यात ते वसले आहे. बालाघाट पठाराचा हा भाग पर्जन्यछायेत येत असल्याने पाऊस बेभरवशाचा असतो. काळ्या जमिनीत ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन व पाण्याच्या सोयीनुसार ऊस ही पिके घेतात. नीलकंठेश्वर हे येथील ग्रामदैवत होय.

हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला.

दख्खनचे पठार भूकंपदृष्ट्या स्थिर मानले जाई. १९९२ मध्ये किल्लारी परिसरात सौम्य धक्के जाणवले होते. गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी ३ वाजून ५६ मिनिटांनी, सु. ६·२ महत्तेचा उथळ भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे उद्‌ध्वस्त होऊन सु. आठ हजार माणसे झोपेतच दगावली. काही अंदाजांनुसार ही संख्या अधिक आहे.

हानीचे कारण मुख्यतः घरबांधणीत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवर मातीचे भारी माळवद, अशी येथील घरे उन्हाळ्यात थंड राहत. माळवदावर दरवर्षी नवी माती पडून त्याचे वजन वाढे. भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांत न गुंतल्याने हादऱ्याबरोबर ते सुटे होऊन ढासळले. आतील लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट सांधलेला होता, अशा काही घरांत मात्र भिंती पडूनही छत तगले.

पुढे येथे घेतलेल्या ६१७ मी. खोल वेधनछिद्रात सु. ३३८ मी. जाडीच्या बेसाल्ट थरांखाली गाळाचा पातळ थर व त्याखाली प्राचीन पट्टिताश्म आढळले. पट्टांच्या अंतर्भागातही ताण साचून जुन्या विभंगांवर हालचाल होऊ शकते, हे या घटनेने स्पष्ट झाले. भारतीय मानक संस्थेच्या २००२ च्या नकाशात हा प्रदेश तिसऱ्या भूकंपक्षेत्रात घालण्यात आला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. किल्लारी त्यांपैकीच एक. धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणात लहानमोठी घरे देण्यात आली. सरळ रस्त्यांच्या चौकटीतील या वसाहती सुरक्षित असल्या, तरी वाड्याचे अंगण, गुरांचा गोठा व आळीचा शेजार यांना त्यांत पूर्वीचे स्थान उरले नाही. कित्येक कुटुंबांनी नव्या घरांशेजारी आपल्या सोयीची बांधकामे जोडली. त्यांत भूकंपरोधक नियम पाळले जाणे हाच पुढील सुरक्षिततेचा खरा आधार होय. जुन्या गावठाणात दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते.