गास्तों रेब्युफा: गाइड असावा तर असा! 🧗

आल्प्समधल्या सहा बिकट उत्तर भिंती सर करणारा पहिला गिर्यारोहक म्हणजे गास्तों रेब्युफा. जन्म १९२१, फ्रान्समधलं मार्सेय. समुद्रकाठच्या चुनखडी कड्यांवर प्रस्तरारोहण शिकला, पुढे शामोनीत गाइड झाला. मॅटरहॉर्न, ग्रांद जोरास, आयगर... १९५२ पर्यंत सहाही भिंती झाल्या!

१९५० च्या अन्नपूर्णा मोहिमेत हिमदंश झालेल्या एर्झोग आणि लाशनाल या सहकाऱ्यांना उतरवताना तो आणि मोहिमेतला साथीदार तेरे हिमांध झाले होते. १९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत सुळक्यावर उभ्या रेब्युफाचं छायाचित्र आहे.

विक्रमापेक्षा सोबतच्याला शिखर दाखवण्यात त्याला जास्त आनंद वाटे. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांनो, त्याचं ‘स्टारलाइट अँड स्टॉर्म’ हे पुस्तक जरूर वाचा!