बदामाविना बदामी

जर्दाळू खाऊन झाला की बी बत्त्याने फोडायची आणि आतला इवलासा ‘बदाम’ तोंडात टाकायचा, हा उद्योग अनेकांनी लहानपणी केलेला असतो. इटलीच्या आमारेत्तो या बदामी मद्याचा स्वादही पुष्कळदा याच बीतून येतो. मिलानजवळच्या सारोन्नो गावचं ‘दिसारोन्नो’ हे सर्वांत प्रसिद्ध आमारेत्तो. त्यात बदाम नावालाही नाही, असं कंपनीच सांगते. कडू बदाम आणि जर्दाळूची बी, दोन्हींचा वास बेन्झाल्डिहाइड या एकाच रसायनाचा, त्यामुळे नाक सहज फसतं.

या आमारेत्तोत कोन्याक ही ब्रँडी मिसळली की झालं ‘फ्रेंच कनेक्शन’ कॉकटेल. हे नाव १९७१च्या हॉलिवूडपटावरून आलं, असं मानतात. मार्सेहून न्यू यॉर्कला जाणाऱ्या हेरॉइनची ती कथा. विल्यम फ्रीडकिनच्या या चित्रपटाला ५ ऑस्कर मिळाली.

कोन्याक मात्र अस्सल फ्रेंच. आपल्याकडे ब्रँडी म्हटलं की सर्दीवरचा चमचा आठवतो, आणि अनेक स्वस्त ब्रँडींचा पाया द्राक्षाचा नव्हे, उसाच्या मळीचा असतो. कोन्याक फ्रान्सच्या नैऋत्येला, त्याच नावाच्या गावाभोवतीच्या ठरावीक पट्ट्यातच बनते. तिथल्या मुख्यतः उन्यी ब्लाँ जातीच्या द्राक्षांची आंबट वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात आणि ओकच्या पिंपांत किमान २ वर्षं मुरवतात. बाटलीवर ‘व्हीएस’ म्हणजे २ वर्षं, ‘व्हीएसओपी’ म्हणजे ४, ‘एक्सओ’ म्हणजे १०. कॉकटेलसाठी पहिल्या दोन पुरेत. आमारेत्तोच्या गोडव्यात एक्सओ बुडवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कृती चहापेक्षा सोपी. बुटक्या, रुंद ग्लासात बर्फ घ्यावा, त्यावर ३५ मिली कोन्याक आणि ३५ मिली आमारेत्तो ओतून हलकेच ढवळावं. शेकरची गरज नाही.

खरी मेख बर्फात आहे. ट्रेमधले छोटे खडे भराभर वितळून पेय पाणचट करतात. त्याऐवजी आदल्या रात्री छोट्या वाटीत पाणी गोठवावं. तो मोठा गोळा हळू विरघळतो. समसमान प्रमाण अनेकांना फार गोड लागतं. त्यांनी ५० मिली कोन्याकला २५ मिली आमारेत्तो घ्यावं. वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळला, तर सालीतलं तेल गोडपणाला छान छेद देतं.

कोन्याकमध्ये सुमारे ४० टक्के अल्कोहोल असतं, दिसारोन्नोत २८. म्हणजे समसमान मिश्रणाच्या एका ग्लासात जवळपास २४ मिली शुद्ध अल्कोहोल उतरतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण २५ मिली असतं. चव मिठाईची असली, तरी हिशेब मोठ्या पेगचाच धरावा. आणि महाराष्ट्रात असं मद्य पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, शिवाय परवानाही लागतो.