सगळं पकडीवर अवलंबून

एका वाचकाने विचारलं आहे : ‘रक्ताच्या तपासणीत अँका पॉझिटिव्ह आली, पण लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन व्यवस्थित आहे. मग मला आजार आहे की नाही?’ हाच प्रश्न संशोधकांनाही बरीच वर्षं छळत होता.

अँका म्हणजे आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधल्या प्रथिनांवर उलटलेली प्रतिपिंडं. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी ती मूत्रपिंडाचा दाह झालेल्या आठ रुग्णांमध्ये नोंदवली. त्यांचा संशय होता डासांमार्फत पसरणाऱ्या रॉस रिव्हर विषाणूवर. तो तर्क टिकला नाही आणि त्यांचं नावही मागे पडलं. निरीक्षण मात्र पक्कं होतं. या विषयाचा पाया त्यांनी घातला, हे आवर्जून सांगायला हवं.

ही प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या या आजाराची नुसती खूण आहेत की कारण, याचा मोठा पुरावा २००२ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिलच्या गटाने दिला. मायलोपेरॉक्सिडेज हे न्यूट्रोफिलमधलं प्रथिन मुळातच नसलेल्या उंदरांना त्यांनी ते टोचलं. त्यातून तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या उंदरांना दिली, आणि त्यांच्या मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाह झाला. या प्रतिपिंडांनी चिथावलेले न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीला चिकटून आपला दारूगोळा तिथेच रिकामा करतात.

पुढे २०१० मध्ये चिनी संशोधकांना याच प्रथिनावरची प्रतिपिंडं चक्क निरोगी माणसांच्या रक्तात सापडली. मग ती माणसं धडधाकट कशी?

उत्तर २०१३ मध्ये पुन्हा चॅपल हिलमधूनच आलं, आणि ते फार सुंदर आहे. प्रतिपिंड अख्खं प्रथिन धरत नाही, त्याचा एखादा छोटासा भाग धरतं. विळा मुठीला धरला तर काही होत नाही, पात्याला धरला तर रक्त निघतं, विळा तोच. निरोगी माणसांतल्या प्रतिपिंडांची पकड एका जागी होती, आजार भडकलेल्या रुग्णांतल्यांची दुसऱ्या.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. काही रुग्णांना आजार उघड असतो, तरी अँका निगेटिव्ह येते. त्यांच्याही रक्तात प्रतिपिंडं होती, आणि ती मायलोपेरॉक्सिडेजचा एकच ठरावीक तुकडा धरत होती. पण रक्तातल्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाच्या एका तुकड्यामुळे ती तपासणीला दिसत नव्हती. प्रतिपिंडं शुद्ध करून वेगळी काढल्यावर ती सापडली. मायलोपेरॉक्सिडेजच्या याच तुकड्यावरच्या प्रतिपिंडांनी उंदरांची मूत्रपिंडं बिघडवून दाखवली. म्हणजे एक घातक पकड नेमकी रिपोर्टच्या नजरेतून सुटत होती!

यावरून उद्याच अचूक चाचणी बाजारात येईल, असा गाजावाजा मात्र नको. नेहमीच्या प्रयोगशाळेत प्रतिपिंड आहे का आणि किती आहे, एवढंच कळतं. त्याने कुठे धरलंय ते कळत नाही. त्यातून क्षयरोगासारख्या जुनाट संसर्गातही अँका पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडे हे विसरून चालणार नाही.

म्हणून वाचकाला उत्तर असं : नुसत्या पॉझिटिव्ह शेऱ्यावरून आजार ठरत नाही आणि निगेटिव्ह शेऱ्याने तो नाकारताही येत नाही. लघवीतून रक्त किंवा प्रथिन जातंय का, क्रिएटिनिन वाढतंय का, खोकल्यातून रक्त पडतंय का, यावर डॉक्टर लक्ष ठेवतात. गरज पडली तर बायोप्सी करतात. तुम्हीही डॉक्टरांच्या सल्ल्याने या तपासण्या ठरल्या वेळी करत राहा.