परसाकडची वाट : उतारवयातील शौचभान आणि ताबा

मराठीत शौचासाठी जे सभ्य शब्द आहेत, ते त्या क्रियेचे नाव घेतच नाहीत. ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’, ‘बाहेर’ हे शब्द नुसती दिशा दाखवतात, आणि ‘शौच’ या शब्दाचा मूळ अर्थ तर शुद्धी. आडवळणाने बोलण्याची ही सोय निरोगी माणसाला पुरते. मात्र सत्तरीच्या पुढे ताबा सुटू लागतो, कपडे खराब होऊ लागतात, तेव्हा ते सांगण्यासाठी जवळ शब्द नसतो. मग माणूस बोलत नाही, घराबाहेर पडणे कमी करतो.

विलेपार्ल्यासारख्या उपनगरात हे कमी होणे सहज लक्षात येत नाही. लोकमान्य सेवा संघासारखी 1923 पासून चालत आलेली संस्था इथे आहे, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, व्याख्याने आणि गाण्याच्या बैठकी आहेत. ज्येष्ठांनी घराबाहेर पडावे यासाठी लागणारे सगळे पार्ल्यात आहे. तरीही एखादे आजोबा तीन अंकी नाटकाला ‘आता बसवत नाही’ म्हणून नकार देतात, एखाद्या आजी चर्चगेटला जायचे टाळतात. लोकलने सुमारे पाऊण तास लागतो आणि डब्यात शौचालय नसते, हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केलेला असतो. गुडघेदुखीचे कारण सांगितले की कोणी पुढे विचारत नाही. या मौनामुळे जे गमावले जाते, त्यातले बरेचसे वाचवता येण्याजोगे असते, म्हणून ही यंत्रणा समजून घेणे गरजेचे आहे.

ताबा म्हणजे एक स्नायू आवळून धरणे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते अनेक अवयवांचे एकत्रित काम आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मूळव्याधीच्या निदानाच्या ओघात गुदाच्या तीन वळ्या सांगितल्या आहेत : प्रवाहिणी, विसर्जनी आणि संवरणी. पुढे ढकलणारी, बाहेर टाकणारी आणि मिटणारी, अशी ही नावे कामावरून दिलेली आहेत. आजच्या शरीरशास्त्राशी त्यांची एकास एक जुळणी करू नये. पण बाहेर टाकणे आणि मिटून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यात स्पष्ट दिसते.

आजचे वर्णन असे आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटी मलाशय असतो. त्याच्या तोंडाशी एकात एक अशी दोन आकुंचक स्नायूंची कडी असतात. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही, ते झोपेतही मिटलेले राहते. बाहेरचे कडे आपल्या हुकमतीत असते. शिवाय ओटीपोटाच्या तळाशी असलेला एक स्नायू गोफणीसारखा मागून वळसा घेऊन मलमार्गाला पुढे ओढतो. त्यामुळे मार्गाला जवळजवळ काटकोनाचा बाक येतो, आणि पाण्याच्या नळीला घडी पडावी तसा प्रवाह अडतो.

मलाशय भरला की आतले कडे आपोआप किंचित सैल होते. हे 1877 मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्स या मज्जातंतुतज्ज्ञाने नोंदवले. या क्षणभराच्या सैलपणात आतला ऐवज मार्गाच्या अतिशय संवेदनशील अस्तराला टेकतो आणि तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे आपल्याला कळते. चारचौघांत बसलेला माणूस वायू सोडावा की उठावे हे ठरवतो, ते या चाचणीच्या भरवशावर. तोवर बाहेरचे कडे दार धरून ठेवते. म्हणजे ताब्याच्या आधी भान असते. ‘लागली आहे’ हे वेळेवर कळले तरच धरून ठेवण्याला अर्थ.

वयाबरोबर दोन्ही बाजू उणावतात. आतले कडे पूर्वीइतके घट्ट मिटत नाही, बाहेरचा स्नायू अशक्त होतो, मलाशयाची जाणीव मंदावते. बाळंतपणात झालेली इजा तरुणपणी जाणवत नाही, ती साठीनंतर डोके वर काढते. मधुमेह, पक्षाघात, पाठीच्या मज्जातंतूंचे विकार यांचाही वाटा असतो. तक्रार मात्र सर्वांची एकसारखी नसते. काहींना कळते, पण संडासापर्यंत थांबवत नाही. तिथे बाहेरच्या स्नायूचे बळ कमी पडलेले असण्याचा संभव अधिक. काहींना कपडे खराब झाल्यावरच समजते. तिथे आतले कडे किंवा जाणीव क्षीण झालेली असू शकते. डॉक्टरांना यातला कोणता प्रकार हे नेमके सांगितले तर निम्मे काम होते.

तिसरा प्रकार फसवा आहे. दिवसेंदिवस कोठा साफ होत नाही, मलाशयात कडक गोळा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना वाटते, जुलाब लागले. मग जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते, आणि मूळचा बद्धकोष्ठ आणखी घट्ट होतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार कमी चालणाऱ्या वृद्धांमध्ये हे विशेष आढळते. म्हणून सतत थोडे थोडे झिरपत असेल तर औषध देण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

भान टिकवण्याचा पहिला उपाय जुनाच आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना बजावले आहे की वेग आला असता दुसऱ्या कामात गुंतू नये आणि वेग नसताना तो बळाने आणू नये. यामागचे कारण आज सांगता येते. वेग दाबला की मलाशय सैलावतो, कळ निघून जाते, मळातले पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो. हे वर्षानुवर्षे झाले तर इशारा उमटायलाच अधिक भराव लागतो. जेवणानंतर मोठे आतडे स्वाभाविकपणे हलते, सकाळी तर अधिकच. त्यामुळे चहा-न्याहारीनंतर रोज ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटे शांत बसावे. कुंथू नये आणि वर्तमानपत्र आत नेऊ नये. ज्यांना अचानक घाईची लागते, त्यांच्यासाठी शिकवण उलट असते. त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडे थोडे थांबण्याचा सराव दिला जातो.

दुसरा उपाय व्यायामाचा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले, ते मुख्यतः बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या स्त्रियांसाठी. तेच तत्त्व इथेही लागू पडते. वायू रोखावा तसे आत-वर ओढून घ्यायचे, काही सेकंद धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, मांड्या-नितंब आवळायचे नाहीत. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. हे व्यायाम पुरुषांनीही करायचे असतात. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले तर श्रम वाया जात नाहीत.

तिसरा उपाय घराचा. उकिडवे बसले की मघाचा तो बाक सरळ होतो आणि जोर कमी लागतो. पण गुडघे साथ देत नाहीत, आणि पुनर्विकासात मिळालेल्या नव्या घरात बहुधा कमोडच असतो. अशा वेळी पायांखाली लाकडी पाट किंवा वीतभर उंचीचे स्टूल ठेवून किंचित पुढे झुकून बसावे. मात्र खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि ज्यांचा तोल जातो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. विमानतळाजवळच्या उंचीच्या बंधनामुळे पार्ल्यातल्या कित्येक जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. तिथे जिना चढून घरी पोहोचेपर्यंतचा वेळही हिशेबात धरावा लागतो. पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा, भिंतीला धरायची दांडी, नाडीऐवजी इलॅस्टिकची विजार, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी वाचलेला अर्धा मिनिटच पुष्कळदा निर्णायक ठरतो.

खाण्यात मळ बांधून पण मऊ राहील असे पाहायचे. ब्रिस्टलमधील संशोधकांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. त्यांतला तिसरा-चौथा प्रकार धरून ठेवायलाही सोपा आणि सोडायलाही. इसबगोल पाणी शोषून फुगतो, म्हणून तो कडक मळ मऊ करतो आणि पातळ मळाला आकार देतो. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, आणि गिळायला त्रास असेल तर घेऊ नये. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींना पातळ होते. लोहाच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांनी कोठा जड होतो. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. दिवाळीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ‘शुगर फ्री’ मिठाईत सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असेल तर ती जास्त खाल्ल्यावर पोट ढिले होते. दोष मात्र वयाला दिला जातो.

मळातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, शौचाची नेहमीची रीत काही आठवडे बदललेली राहणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लांबवू नये. ताबा एकाएकी गेला आणि बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहिला प्रश्न शब्दाचा. डॉक्टर रक्तदाब विचारतात, साखर विचारतात, हे बहुधा विचारत नाहीत. आपणही निघताना दाराशी चाचरत ‘पोटाचं जरा बरं नसतं’ एवढेच म्हणतो. त्याऐवजी बसल्या बसल्या पहिलेच वाक्य असे असावे : ‘माझा शौचावर ताबा राहत नाही. आठवड्यातून इतक्या वेळा होतं, आधी कळतं’, किंवा ‘आधी कळत नाही’. दोन आठवडे वहीत वेळ, प्रकार आणि खाल्लेले टिपून नेले तर अधिकच चांगले. घरातल्या मुलासुनांनीही चादर बदलताना गप्प न राहता, वयाचा उल्लेख न करता, ‘डॉक्टरांना हे सांगू या’ इतके म्हटले तर आजोबा पुन्हा नाटकाला जाण्याची शक्यता बरीच वाढते. तिकीट काढताना कडेची खुर्ची मागावी, एवढेच.