बाटेनबेर्ग ते माऊंटबॅटन : एका आडनावाचा प्रवास

आडनाव ही वाडवडिलांकडून आपसूक चालत आलेली मिळकत आहे, असे आपण समजतो. आणि बहुतेक घराण्यांच्या बाबतीत ही समजूत खरीही असते. जर्मन भाषिक प्रदेशात बाराव्या शतकाच्या सुमारास ऱ्हाइनकाठच्या नगरांतून आडनावे स्थिरावू लागली, तेव्हा ती माणसाच्या धंद्यावरून, गावावरून, बापाच्या नावावरून किंवा अंगच्या एखाद्या लकबीवरून पडली. आजही त्या देशात सर्वाधिक आढळणारी म्युलर, श्मिट आणि श्नायडर ही आडनावे अनुक्रमे पाणचक्कीवर धान्य दळणाऱ्याची, लोहाराची आणि शिंप्याची आहेत. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासात ज्या जर्मन आडनावाची मुद्रा सर्वांत खोल उमटली, ते या रीतीने पडलेले नाही. ते एका दरबाराच्या सनदेने जन्मास आले, दुसऱ्या दरबाराच्या आज्ञेने बदलले, आणि या दोन घटनांमधील सहासष्ट वर्षांत ते सोफियाच्या गादीवर बसून उतरले, माद्रिदच्या राजवाड्यात पोहोचले आणि ब्रिटिश आरमाराच्या सर्वोच्च पदावर चढून तेथून दूरही झाले.

बाटेनबेर्ग हे हेसे प्रांतात एडर नदीच्या खोऱ्यात वसलेले एक लहानसे गाव आहे. मध्ययुगात त्या नावाचे एक सरदार घराणे तेथे नांदत होते. त्याची सत्ता माइन्झच्या धर्मपीठाकडे गेली आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी ते घराणेही निर्वंश झाले. ज्या घराण्याची हकीकत येथे सांगावयाची, त्याचा या जुन्या सरदारांशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही. पाचशे वर्षे बेवारस पडलेले एक नाव हेसेच्या दप्तरात शिल्लक होते, आणि एका अडचणीच्या प्रसंगी ते बाहेर काढण्यात आले, इतकेच.

तो प्रसंग एका विवाहाचा होता. या इतिहासाचा आरंभ सामान्यतः हेसेच्या राजपुत्रापासून करतात. माझ्या मते तो युलिया हाउके हिच्यापासून करावयास हवा, कारण नाव लागले ते तिच्यामुळे. हाउके हे घराणे मूळचे जर्मन, परंतु अठराव्या शतकात वॉर्सात येऊन तेथलेच झालेले. युलियेचा पिता मोरित्स हाउके नेपोलियनच्या काळी पोलिश सैन्यात लढून नावारूपास आला, पुढे पोलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली गेल्यावर त्याच सत्तेचा उपयुद्धमंत्री झाला, आणि २९ नोव्हेंबर १८३० च्या रात्री वॉर्सात उठाव झाला तेव्हा बंडखोरांना सामील होण्याचे नाकारल्यामुळे भर रस्त्यात मारला गेला. पाठोपाठ आईही वारली. पाच वर्षांची ती पोरकी मुलगी झारच्या आश्रयाने वाढली आणि कालांतराने रशियाच्या युवराज्ञीच्या परिवारात सेविका म्हणून दाखल झाली. ही युवराज्ञी हेसेची राजकन्या. तिचा भाऊ आलेक्झांडर रशियन सैन्यात अधिकारी होता. त्याचे आणि युलियेचे प्रेम जमले, झार निकोलसने विवाहास साफ नकार दिला, आणि दोघांनी रशिया सोडून २८ ऑक्टोबर १८५१ रोजी ब्रेस्लाउ येथे लग्न केले. झारने आलेक्झांडरला नोकरीतून बडतर्फ केले.

जर्मन राजकुळांचा कायदा या बाबतीत कठोर होता. समान दर्जाच्या कुळात न झालेला विवाह धर्माने वैध असला, तरी पत्नीला पतीचा किताब मिळत नसे आणि मुलांना गादीवर हक्क सांगता येत नसे. अशा विवाहाला जर्मन लोक ‘डाव्या हाताचा विवाह’ म्हणत. युलियेला हेसेची राजवधू म्हणता येत नव्हते आणि तिच्या मुलांना हेसेचे नाव लावता येत नव्हते. तेव्हा गादीवर असलेल्या आलेक्झांडरच्या भावाने तिला ‘बाटेनबेर्गची काउंटेस’ असा किताब बहाल केला, आणि १८५८ मध्ये तो वाढवून राजकन्येच्या पायरीस नेला. या सनदेत मान होता, पण त्या मानाबरोबर एक मर्यादाही घातलेली होती : हे नाव धारण करणारे राजघराण्याच्या उंबरठ्यावर उभे राहतील, आत येणार नाहीत. या नावाच्या पुढील सर्व वाटचालीचे मर्म मला या मर्यादेतच दिसते. ज्यांना घरची गादी नाही, त्यांना बाहेर पडून आपले स्थान मिळवणे भागच असते.

आलेक्झांडरने ऑस्ट्रियाच्या सैन्यात चाकरी धरली, आणि पलटणीबरोबर कुटुंबाची बिऱ्हाडे फिरू लागली. मुलांची जन्मगावेच पाहावीत : थोरली मारी स्ट्रासबुर्गची, लुडविग ग्राट्सचा, आलेक्झांडर वेरोनाचा, हाइनरिख मिलानचा, धाकटा फ्रान्झ योसेफ पादुआचा. बाटेनबेर्ग या नावाच्या पहिल्या पिढीतील एकही अपत्य बाटेनबेर्ग गावात जन्मले नाही. ते गावही १८६६ च्या युद्धानंतर हेसेच्या हातून जाऊन प्रशियाच्या मुलुखात सामील झाले. नाव एका राज्याचे आणि गाव दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली.

पुत्रांपैकी दुसऱ्या, पित्याचेच नाव लावणाऱ्या आलेक्झांडरची कथा सर्वांत नाट्यमय आहे. बर्लिनच्या तहाने नव्याने निर्माण झालेल्या बल्गेरियाचा अधिपती म्हणून १८७९ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी, त्याची निवड झाली. १८८५ मध्ये स्लिव्हनित्सा येथे सर्बियाच्या फौजेचा त्याने पराभव केला. परंतु रशियाची मर्जी गमावल्यामुळे पुढल्याच वर्षी त्याला पकडून देशाबाहेर नेण्यात आले, आणि परत येऊनही त्याला गादी सोडावी लागली. पुढे त्याने एका गायिकेशी विवाह केला, बाटेनबेर्ग हे नाव टाकून ‘काउंट हार्टेनाउ’ हे नाव घेतले, आणि १८९३ मध्ये ग्राट्स येथे देह ठेवला. आईला जे नाव विवाहामुळे मिळाले, तेच पुत्राने विवाहाच्या वेळी खाली ठेवले.

हाइनरिखने व्हिक्टोरिया राणीच्या कनिष्ठ कन्येशी, बिआट्रिसशी, १८८५ मध्ये लग्न केले. जोडप्याने राणीच्याच सहवासात राहावे ही अट त्याने मान्य केली. १८९६ मध्ये अशांटीच्या मोहिमेवर असताना हिवतापाने त्याचा अंत झाला. त्याची कन्या व्हिक्टोरिया युजेनी १९०६ मध्ये स्पेनची राणी झाली.

थोरल्या लुडविगचे चरित्र मात्र आपल्याला अधिक जवळचे. १८६८ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो इंग्लंडला गेला, ब्रिटिश प्रजाजन झाला आणि आरमारात उमेदवार म्हणून रुजू झाला. इंग्रज त्याला लुई म्हणू लागले. १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्सला घेऊन ‘सेरापिस’ ही नौका मुंबई बंदरात आली, तेव्हा तिच्यावर हा तरुण बाटेनबेर्गही होता. शेहेचाळीस वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, पुढच्या पिढीचा प्रिन्स ऑफ वेल्स ‘रिनाउन’ नौकेतून याच बंदरात उतरला. गांधीजींच्या बहिष्काराने आणि पाठोपाठच्या दंग्यांनी शहर त्या दिवशी पेटले होते. त्या राजपुत्राच्या परिवारात या लुईचा धाकटा मुलगा होता. बाप आणि लेक एकाच कामगिरीवर एकाच बंदरात आले. आडनाव मात्र मधल्या काळात बदलले होते.

ते कसे बदलले, हे सांगताना मन खिन्न होते. लुई डिसेंबर १९१२ मध्ये आरमाराचा ‘फर्स्ट सी लॉर्ड’ झाला. जुलै १९१४ च्या अखेरीस सरावासाठी एकत्र आलेली जहाजे पांगू न देण्याचा हुकूम त्यानेच सोडला होता, आणि युद्ध जाहीर झाले तेव्हा ब्रिटनचे आरमार सज्ज होते. तरीही वृत्तपत्रांतून त्याच्या जर्मन जन्मावर आणि नावावर काहूर उठले. २७ ऑक्टोबरला हाइनरिखचा पुत्र मोरिस बाटेनबेर्ग ईप्रच्या आघाडीवर ब्रिटनसाठी लढताना पडला, आणि दुसऱ्याच दिवशी लुईने राजीनामा लिहिला. शेहेचाळीस वर्षांच्या सेवेपेक्षा आडनावातील तीन-चार अक्षरे जड ठरली. हा अन्याय होता, आणि युद्धकाळाच्या क्षोभाकडे बोट दाखवून तो सौम्य करता येत नाही.

१९१७ च्या जुलैत राजा पाचव्या जॉर्जने आपल्या कुळाचे जर्मन नाव टाकून ‘विंडसर’ हे नाव धारण केले आणि इंग्लंडमधील आप्तांनाही जर्मन किताब सोडावयास लावले. बाटेनबेर्गमधील ‘बेर्ग’ म्हणजे पर्वत. त्याचे इंग्रजी करून, पद उलटवून ‘माऊंटबॅटन’ हे नाव सिद्ध झाले. लुईला ‘मार्क्विस ऑफ मिलफर्ड हेवन’ हा नवा किताब मिळाला. १९२१ मध्ये तो वारला. जर्मनीत उरलेला धाकटा भाऊ फ्रान्झ योसेफ १९२४ मध्ये निपुत्रिक निवर्तला, आणि ज्या भूमीत हे नाव घडले तेथे ते दुसऱ्यांदा निर्वंश झाले. स्पेनमध्ये मात्र बापाच्या आडनावापाठोपाठ आईचेही लावण्याची रीत असल्यामुळे ते टिकून राहिले : राणी व्हिक्टोरिया युजेनीचा पुत्र हुआन, पुढील राजा हुआन कार्लोसचा पिता, आयुष्यभर ‘बोर्बोन इ बाटेनबेर्ग’ म्हणून नोंदला गेला. सनदेने दिलेले आणि हुकुमाने काढलेले नाव लोकरीतीने जपले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बापाने राजीनामा दिला तेव्हा धाकटा लुई आरमारी शाळेत चौदा वर्षांचा विद्यार्थी होता. तेच लॉर्ड माऊंटबॅटन २४ मार्च १९४७ रोजी दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून शपथबद्ध झाले आणि स्वतंत्र हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल म्हणून २१ जून १९४८ पर्यंत राहिले. फाळणीच्या त्या घाईचा हिशेब इतिहासकार अजून मांडीत आहेत. तो या लेखाचा विषय नव्हे. १९५५ मध्ये ते फर्स्ट सी लॉर्ड झाले, म्हणजे पित्याकडून गेलेले पद पुत्राकडे आले. त्यांची बहीण अॅलिस ग्रीसच्या राजघराण्यात दिलेली; तिचा पुत्र फिलिप याने १९४७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश नागरिकत्व घेताना ग्रीक किताब सोडून आजोळचे माऊंटबॅटन हे आडनाव स्वीकारले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथशी विवाह केला. १९५२ मध्ये राणी झाल्यावर तिने राजकुळाचे नाव विंडसरच राहील असे जाहीर केले. ८ फेब्रुवारी १९६० च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने मात्र, आपल्या ज्या वंशजांना राजपदाचा किताब नसेल त्यांनी ‘माऊंटबॅटन-विंडसर’ हे आडनाव लावावे असे ठरवले. राजकन्या अॅन हिच्या १४ नोव्हेंबर १९७३ च्या विवाहाच्या नोंदवहीत हे जोडनाव प्रथम लिहिले गेले.